नदी मोकळी दिसली

हल्लायोकी नदीवरच्या होडीवाल्यांची वही
सायमीनं शाळेत आणली, पावाच्या पिशवीतून.
दरवर्षाची एकच ओळ:
तारीख, वेळ, बर्फ फुटला.
थिजल्या नदीवर पिंप, पिंपाला दोर,
दोराचं टोक किनाऱ्यावरच्या घंटेला.
घंटा वाजली की नदी सुटली.
शंभर वर्षांचा जमाखर्च, एवढाच.

वर्षं आडवी मांडली, मे महिन्याचे दिवस उभे.
ठिपके पडले,
पण हे काही रांगोळीचे ठिपके नव्हेत
एकेक जोडत जायला.
केर्त्तू बाईंनी लोकरीच्या टोपलीतून काळा धागा काढला,
एक टोक सायमीकडे, दुसरं यालमारीकडे.
ताणा. थोडा वर. आता तुझी बाजू खाली.
सगळ्यांच्या जवळून जायचं,
कुणा एकाच्या घरी मुक्काम करायचा नाही.
आणि लक्षात ठेवा,
दुप्पट लांब गेलेला चौपट ओढतो.

धागा स्थिरावला तेव्हा
शंभरातले तीनच ठिपके त्याच्याखाली आले.
बाकीचे आजूबाजूला,
लग्नाच्या फोटोत मावले नाहीत तसे.

दहा वर्षांत दीड दिवस.
बर्फ तेवढा आधी फुटतोय.
म्हणजे येत्या वसंतात पाच मे, सायमी म्हणाली.
यालमारीनं त्याच्या हातातला धागा
कागदाबाहेर नेला, बाकावर,
बाकावरून खिडकीच्या चौकटीपर्यंत,
आणि जाहीर केलं:
आणखी बाराशे वर्षांनी
बर्फ गोठण्याच्या आधीच फुटेल!
वर्ग हसला. बाईही हसल्या.
मग म्हणाल्या, कागद जिथे संपतो
तिथे धागा तुमचा असतो, नदीचा नसतो.

एक ठिपका मात्र कुणाचं ऐकेना.
एकोणीसशे बावन्न, एकोणतीस मे.
शेजाऱ्यांपेक्षा तेरा दिवस वर, एकटा.
धाग्याला आपल्याकडे ओढत होता,
रांगेत न बसणाऱ्या पोरासारखा.
चूक असेल, यालमारी म्हणाला. खोडून टाकू.
सायमीनं वही पुन्हा उघडली.

त्या वर्षी अक्षर वेगळं.
बारीक, डावीकडे कललेलं.
वेळ लिहिलेली नाही.
आणि 'बर्फ फुटला' असंही नाही.
लिहिलंय: नदी मोकळी दिसली.

हे हिल्क्काचं अक्षर, सायमी म्हणाली,
माझ्या पणजीचं.
त्या एप्रिलमध्ये ऊर्हो पलीकडून परत येताना
काठापासून वीस पावलांवर बर्फाखाली गेला.
तिनं घंटेचा दोर सोडून ठेवला,
नदीकडच्या खिडकीला घोंगडी लावली.
बर्फ केव्हा फुटला कुणास ठाऊक.
तिनं घोंगडी काढली ती एकोणतीसला.

वर्गात कुणीतरी खुर्ची सरकवली.
बाई बराच वेळ खडूकडे बघत राहिल्या.
मग त्यांनी विचारलं,
हा ठिपका कशाचं माप आहे?
उत्तर त्यांनाही नको होतं बहुतेक.

सायमीनं तो खोडला नाही.
शाई न भरता, पोकळ वर्तुळ करून ठेवला.
त्याला हिशेबातून वगळून
धागा पुन्हा ताणला,
तो हलला, केसभर.
पाच मेचे पाच मेच राहिले.

पाच तारखेला अख्खं गाव काठावर.
कॉफीच्या डब्यांवर पैजा लागलेल्या.
पिंप जागच्या जागी, त्यावर एक कावळा.
सहाला पाऊस. सातला काही नाही.
यालमारी म्हणाला, अंदाजपंचे!
बाई म्हणाल्या, ठिपक्यांची दाटी बघ ना,
चार-पाच दिवस इकडेतिकडे होणारच.

नऊला पहाटे घंटा वाजली.
सायमी बुटांत पाय न घालताच धावली,
मोज्यांवर, चिखलातून,
आणि वहीत लिहिलं:
नऊ मे, तीन वाजून चाळीस मिनिटं, बर्फ फुटला.
जरा थांबून खाली, बारीक अक्षरात,
डावीकडे कलतं,
तिनं आणखी एक ओळ लिहिली.
आलेखात ती कुठेच बसत नाही.
मी दिसताना पाहिली.